पाहुणचाराचें त्रैराशिक

आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांच्या उत्तरपत्रिकांवर गुण दिले. ते देतांना आमचा हात आंखडता असे, अशी गांवांत आमची ख्याति होती. आणि ती खोटी नव्हती. म्हणून दोन वर्षांमागें दिवाळीच्या फराळास बसलों असतां आमच्या पुतण्यानें, "काका, माझे एक लाख चाळीस हजार पॉइंट झाले," असें सांगितलें, तेव्हां आम्हीं हातांतली करंजी ताटांत ठेवून त्याच्याकडे पाहिलें. पॉइंट म्हणजे गुण, एवढें आम्हांस ठाऊक होतें. आणि या मुलानें आमच्या वर्गांत असतां संस्कृतांत शंभरांपैकीं पंचेचाळिसांची मर्यादा कधीं ओलांडली नव्हती.

चौकशीअंतीं कळलें कीं, हे गुण सरस्वतीच्या दरबारचे नसून हॉटेलांचे आहेत. पुतण्या पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहे. कचेरीच्या कामासाठीं त्यास कधीं बंगळूर, कधीं सिंगापूर, कधीं अमेरिकेंत डॅलस असें जावें लागतें. ज्या हॉटेलांत तो उतरतो, त्या हॉटेलची कंपनी त्याच्या बिलाच्या प्रमाणांत त्याच्या नांवें कांहीं गुण मांडून ठेवते. पुरेसे गुण सांठले म्हणजे त्या कंपनीच्या एखाद्या हॉटेलांत त्यांच्या मोबदल्यांत, रोख पैसे न देतां, राहतां येतें. इतक्या मोठ्या आंकड्यानें घरांतील मुलें हर्षभरित झालीं. आमची सूनबाई मात्र पानांत वाढतां वाढतां म्हणाली, "काका, एका रात्रीचे हजार गुण धरा. म्हणजे एकशें चाळीस रात्री हे घराबाहेर निजले."

तिचें गणित बिनचूक होतें, आणि आमच्या मतें या विषयांतील पहिला धडा तोच आहे. हे गुण आकाशांतून पडत नाहींत. घरच्या माणसाच्या घराबाहेरच्या रात्री आटवून ते तयार झालेले असतात. आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांत एखादा मुलगा, मुलगी वा जांवई असें खातें बाळगून असतो. वडील मंडळींस त्याची वार्ताही नसते, आणि खुद्द खातेदारास त्याचे नियम वाचण्यास सवड नसते. आमच्या घरीं या ठेवीचा कांहीं भाग बुडाला व कांहीं भाग फार उपयोगी पडला. दोन्हींपासून आम्ही जें शिकलों तें येथें मांडीत आहों.

या नाण्याची टांकसाळ

या प्रथेचें मूळ अमेरिकेंत आहे. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीनें वारंवार प्रवास करणारांच्या नांवें मैल जमा करण्याची अॅडव्हांटेज नांवाची योजना काढली. १९८३ सालीं हॉलिडे इननें तीच युक्ति हॉटेलांच्या धंद्यांत आणली. त्याच वर्षीं मॅरियटनेंही आपली योजना सुरू केली, आणि १९८७ सालीं हिल्टननें. स्टारवुड या कंपनीनें १९९९ सालीं काढलेली योजना प्रवाशांत विशेष लोकप्रिय होती. पण २०१६ सालीं मॅरियटनें ती कंपनी विकत घेतली, व २०१९ सालीं दोन्ही खातीं मिळून बॉनव्हॉय नांवाची एकच योजना झाली. आपल्याकडे ताज हॉटेलांची जुनी इनरसर्कल योजना २०२२ सालीं टाटांच्या न्यूपासशीं जोडली गेली.

यांत कोणाचें काय जातें, हें वाचकांनीं समजून घ्यावें. ज्या हॉटेलावर मोठ्या कंपनीची पाटी असते, त्याची इमारत पुष्कळदां दुसऱ्याच कोणाच्या मालकीची असते. सभासद-पाहुणा पैसे देऊन राहिला कीं, त्या बिलाचा ठराविक अंश मालकास कंपनीच्या मध्यवर्ती निधींत भरावा लागतो. पुढें कोणी गुणांवर राहण्यास आला म्हणजे त्या निधींतून मालकास मोबदला मिळतो. हॉटेल रिकामें असेल तर थोडा, आणि जवळजवळ भरलेलें असेल तर चालू दराच्या जवळपास. म्हणजे ‘फुकट’ रात्र कोणालाच फुकट पडत नाहीं. ती पूर्वींच्या बिलांत कोणीं तरी भरलेली असते.

आमच्या पुतण्याचीं बिलें त्याच्या कचेरीनें भरलीं होतीं. म्हणून आमचा पहिला प्रश्न असा होता कीं, "अरे, पैसे मालकाचे, मग गुण तुझे कसे?" त्यानें कचेरीचा लेखी नियम दाखविला, प्रवासांत मिळालेले गुण नोकरानें स्वतःकडे ठेवावे अशी त्यांत स्पष्ट मुभा होती. तशी मुभा बऱ्याच ठिकाणीं असते. पण ती आहे असें गृहीत न धरतां विचारून घ्यावी. आणि मुभा असली तरी, गुण अधिक मिळावे म्हणून कचेरीच्या खर्चानें गरजेपेक्षां महाग हॉटेल पसंत करणें ही उघड लबाडी होय. तिला हुशारीचें नांव देऊं नये.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. बँकेंत ठेवलेला रुपया दहा वर्षांनीं रुपयाच म्हणून परत मिळतो. हॉटेलच्या गुणाचें तसें नाहीं. हें नाणें पाडणारी टांकसाळ व त्याचें मोल ठरविणारी पेढी एकच आहे. पूर्वीं बहुतेक कंपन्यांचें कोष्टक छापलेलें असे: अमुक वर्गाच्या हॉटेलास अमुक गुण. हिल्टननें २०१७ सालीं असें कोष्टक ठेवणें सोडून दिलें, व मॅरियटनें २०२२ सालीं. आतां रोख दर जसा चढतो-उतरतो तसे लागणारे गुणही तारखेप्रमाणें चढतात-उतरतात. मॅरियटसारख्या कंपनीच्या ताळेबंदांत सभासदांच्या गुणांपोटीं दाखविलेलें देणें अब्जावधी डॉलरांचें असतें. ज्या ऋणकोला आपल्या कर्जाचें मोल स्वतःच ठरवितां येतें, त्याच्यापाशीं ठेव फार वर्षें ठेवण्यांत शहाणपण नाहीं, हें सांगावयास अर्थशास्त्री कशास पाहिजे?

शिवाय मुदतीचा प्रश्न आहेच. मॅरियट व हिल्टन यांच्या योजनांत सध्यां लागोपाठ चोवीस महिने खात्यावर कांहींच हालचाल झाली नाहीं तर सर्व गुण रद्द होतात. हालचाल म्हणजे मोठी कांहीं नव्हे. एखादी लहानशी मिळकत किंवा लहानसा खर्चही बहुधा पुरतो.

येथें आमच्या घरचें नुकसान सांगणें प्राप्त आहे. पुतण्याचें दुसऱ्या एका कंपनींत आणखी एक खातें होतें. त्यांत बासष्ट हजार गुण होते. नोकरी बदलल्यावर नव्या कचेरीचीं हॉटेलें निराळीं निघालीं, आणि जुन्या खात्याचें त्यास विस्मरण झालें. सूचनेचीं पत्रें संगणकावर येत होतीं. तीं जाहिरातींच्या ढिगांत न उघडतां पडून राहिलीं. एके दिवशीं त्यानें खातें पाहिलें तों शिल्लक शून्य. त्या कंपनीचें नांव आम्ही घेत नाहीं. नियम छापलेला होता. आमच्याकडून तो वाचला गेला नव्हता, इतकेंच. गुणाला पन्नास पैसे भाव धरला तरी एकतीस हजार रुपये, आणि सूनबाईच्या हिशेबानें बासष्ट रात्री, अशा एका क्षणांत पुसल्या गेल्या.

त्रैराशिक

हा भाव काढावा कसा? यास उच्च गणित लागत नाहीं. मराठी चौथीच्या मुलास येणारें त्रैराशिक पुरतें. एक उदाहरण करून दाखवितों.

समजा, एका खोलीचा रोख दर ९,००० रुपये आहे. दर रात्रीं ७,५०० रुपयांवरील खोलीस अठरा टक्के जी. एस. टी. पडतो, तो १,६२० रुपये. एकूण १०,६२०. तीच खोली १५,००० गुणांत मिळते. १०,६२० रुपयांस १५,००० गुण, तर एका गुणास किती? उत्तर सुमारें ७१ पैसे. परंतु येथें थांबूं नये. रोख पैसे दिले असते तर त्या मुक्कामाचेही गुण मिळाले असते; गुणांवर राहिल्यास ते बहुधा मिळत नाहींत. मॅरियट व हिल्टन यांच्या बहुतेक हॉटेलांत साध्या सभासदास डॉलरमागें दहा गुण मिळतात. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर ९,००० रुपयांचे शंभर डॉलर, म्हणजे एक हजार गुण हातचे गेले. म्हणून भागाकार १५,००० नें न करतां १६,००० नें करावा. उत्तर येतें ६६ पैसे.

आतां दुसरी खोली घेऊं. रोख दर ५,००० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीस पांच टक्के कर आहे. म्हणून एकूण ५,२५०. हिला गुण लागतात १२,०००. हातचे गेलेले गुण सोडून दिले तरी भाव पडला ४४ पैशांच्याही आंत. येथें पैसे द्यावे आणि गुण पहिल्या खोलीसाठीं राखून ठेवावे, हा सरळ निर्णय झाला. ‘थोडे गुण व थोडे पैसे’ असाही पर्याय कंपन्या पुढें करतात. त्यालाही हेंच त्रैराशिक लावून पाहावें.

कांहीं योजनांत ही खटपट नाहीं, कारण तेथें मोल बांधलेलें असतें. फ्रान्सच्या अकोर कंपनीच्या योजनेंत २,००० गुण म्हणजे बिलांत ४० युरोंची सूट. टाटांच्या योजनेंत एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. अशा ठिकाणीं हुशारीस वाव नाहीं, पण फसगतीसही नाहीं.

परंतु या हिशेबांत एक खांच आहे, व तींत शहाणे लोकही पडतात. वरील १०,६२० रुपये हा हॉटेलचा भाव झाला; तो आपला भाव आहे काय? गुण नसते तर आपण त्या गांवीं २,५०० रुपयांच्या स्वच्छ लॉजमध्यें उतरलों असतों, कर धरून २,६२५ रुपयांत काम भागलें असतें, असें असेल तर १५,००० गुण देऊन आपले वांचले २,६२५ रुपयेच. मग गुणाचा भाव साडेसतरा पैसे पडला. दहा हजारांची खोली फुकट मिळाली म्हणून दहा हजार मिळविले असें मानणें, हें सवलतींत पैठणी घेऊन ‘दोन हजार वांचविले’ म्हणणाऱ्या गृहिणीसारखें आहे. आणि हा दोष पुरुषांत कमी आहे असें आम्हांस आढळलेलें नाहीं.

घरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें तें

आतां कांहीं व्यवहारोपयोगी गोष्टी सांगतों.

खोली कंपनीकडूनच थेट ठरवावी. मध्यस्थांच्या संकेतस्थळावर ती कधीं कधीं स्वस्त दिसते. पण तशा मुक्कामाचे गुण बहुधा मिळत नाहींत, व सभासदाचे इतर हक्कही चालत नाहींत.

मुक्काम लांबवितां येत असेल तर पांच रात्रींचा करावा. मॅरियटच्या योजनेंत लागोपाठ पांच रात्री गुणांवर घेतल्यास चारांचेच गुण लागतात. हिल्टनमध्यें ही सवलत सिल्व्हर किंवा त्यावरील दर्जाच्या सभासदांस आहे. चार रात्री राहावयाचें ठरलें असेल तर पांचवीचा विचार अवश्य करावा. पण दोनच रात्रींचें काम असतां पांचवीच्या लोभानें तीन दिवस परगांवीं काढूं नयेत.

वार पाहावा. ज्या हॉटेलांत कचेऱ्यांचे लोक उतरतात, त्यांचे दर बहुधा शनिवार-रविवारीं उतरतात. समुद्रकांठच्या व थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांचे मंगळवार-बुधवारीं. लग्नसराई, दिवाळीची सुट्टी व नाताळ या दिवसांत रोख दर व गुण दोन्ही चढतात. तरीही त्रैराशिक करून पाहावें. कधीं रोख दर दुप्पट होतो आणि गुण दीडपटच चढतात.

आधीं ठरवावें व मग पाहत राहावें. गुणांवर घेतलेली खोली बहुधा ठराविक दिवसापर्यंत दंडावांचून रद्द करतां येते, आणि गुण परत खात्यावर येतात. मध्यंतरीं कमी गुणांत तीच खोली मिळूं लागली तर नवी घेऊन जुनी सोडून द्यावी. मात्र रद्द करण्याची शेवटची तारीख घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

माणसें मोजून सांगावीं. गुणांवर मिळणारी खोली बहुधा दोघांची असते. तिसऱ्या मोठ्या माणसास जादा आकार पडूं शकतो. सकाळचा नाश्ता पुष्कळदां धरलेला नसतो, व मोठ्या हॉटेलांतील चहाचा दर पाहून चहाची इच्छा मरते. खोली फुकट मिळून चार माणसांच्या नाश्त्यापायीं बिल झालें, तर तो आंकडाही त्रैराशिकांतून वजा केला पाहिजे.

एकत्र कुटुंबास या योजनांत एक सोय आहे, तिची माहिती थोड्यांस असते. हिल्टनच्या योजनेंत सभासद व आणखी दहा जण मिळून आपले गुण विनामूल्य एका कोठारांत आणूं शकतात. मॅरियटमध्यें एका सभासदास वर्षाकांठीं एक लाखापर्यंत गुण दुसऱ्याच्या खात्यावर पाठवितां येतात. हयातमध्यें दोघां सभासदांस आपले गुण एकत्र करतां येतात. म्हणजे एका भावाचे आठ हजार, दुसऱ्याचे अकरा हजार, जांवयाचे पंधरा हजार असे जे तुकडे निरनिराळ्या खात्यांत कुजत पडतात, ते एकत्र केले तर घरच्या वडिलांचा एखादा मुक्काम होतो.

दोन गोष्टी टाळाव्या. मॅरियटचे गुण विमान कंपन्यांच्या मैलांत बदलून घेतां येतात. परंतु बहुतेक ठिकाणीं तीन गुणांस एक मैल असा दर आहे, तेव्हां हिशेबावांचून त्या वाटेस जाऊं नये. आणि गुणांच्या लोभानें क्रेडिट कार्डाचें बिल थकवूं नये. महिना साडेतीन टक्क्यांच्या व्याजानें वीस हजारांच्या बाकीवर एका महिन्यांत सातशें रुपये चढतात. तेवढ्या खरेदीवर मिळणाऱ्या गुणांनीं ही भर निघणें कठीण. कंपन्या गुण रोखीनेंही विकतात, कधीं सवलतीनें. ठरलेल्या मुक्कामास थोडेसे कमी पडत असतील तेवढेच घ्यावे. सांठविण्यासाठीं गुण विकत घेणें म्हणजे वितळणाऱ्या बर्फाची वखार घालणें होय.

पांच रात्री

एवढें सारें आम्ही पुतण्याजवळून शिकलों व त्यासच परत शिकविलें. परंतु या विद्येचा खरा उपयोग जेथें झाला ती हकीकत अशी.

आमचे थोरले बंधु, म्हणजे या पुतण्याचे वडील, टपाल खात्यांत होते. आम्ही सर्व त्यांस दादा म्हणतों. जन्मांत धर्मशाळा व नातलगांचीं घरें यांखेरीज त्यांनीं कोठें मुक्काम केला नव्हता. काशीस जावयाची त्यांची फार दिवसांची इच्छा. गुडघे दुखूं लागल्यावर धर्मशाळेचे जिने त्यांस जमण्यासारखे राहिले नाहींत, तेव्हां पुतण्यानें कबूल केलें होतें कीं, "दादा, तुम्हांला आणि आईला मी गुणांवर काशीला चांगल्या हॉटेलांत ठेवतों." या गोष्टीस सात वर्षें होऊन गेलीं. दर वर्षीं तो हिशेब करी, आणि काशीस गुणाचा भाव पन्नास पैसे पडतो, तो मालदीवला कुठल्याशा बेटावर रुपयाच्या वर पडतो, असें त्यास आढळून येई. "आणखी थोडें थांबूं, चांगला भाव मिळेल," असें म्हणून तो गप्प बसे. त्याचें गणित चुकत नव्हतें. पण मालदीवला जाणार कोण होतें?

दिवाळीच्या त्या फराळानंतर तीन महिन्यांनीं, माघांत, दादांस छातींत कळ आली. साताऱ्याच्या डॉक्टरांनीं मुंबईस नेण्यास सांगितलें. तेथें शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालयांत रोग्याजवळ रात्रीं एकाच माणसास राहतां येई. तें काम पुतण्यानें घेतलें. वहिनींचें वय त्या वेळीं बहात्तर. रुग्णालयापासून पांच मिनिटांच्या वाटेवर एक मोठें हॉटेल होतें. शहरांत कसलेंसें प्रदर्शन भरल्यामुळें त्याचा दर रात्रीं चौदा हजार झाला होता; कर धरून १६,५२०. आम्ही वहिनींस घेऊन अंधेरीच्या बाजूला एका लॉजवर जावयाच्या विचारांत होतों. तेथें खोली अडीच हजारांची होती, पण वाट दीड तासाची.

रुग्णालयाच्या बांकावर बसून पुतण्यानें आपलें खातें उघडलें. रात्रीस वीस हजार गुण. पांचवी रात्र माफ. एकूण ऐशीं हजार. त्यानें आमच्याकडे पाहिलें. सवयीनें आमच्या मनांत त्रैराशिक झालेंच. हॉटेलच्या भावानें पांच रात्रींचे ८२,६०० रुपये, म्हणजे गुणास एक रुपया तीन पैसे. मालदीवच्या तोडीचा भाव. पण आमच्याच नियमाप्रमाणें, अंधेरीच्या लॉजच्या भावानें १३,१२५ रुपये, म्हणजे गुणास साडेसोळा पैसे. दोन उत्तरें समोर उभीं राहिलीं, आणि दोन्ही बरोबर होतीं. आम्हीं म्हटलें, "घे."

खोली पुतण्याच्या नांवें होती व राहणार वहिनी. हॉटेलवाल्यांनीं सांगितलें कीं, उतरणाऱ्या पाहुण्याचें नांव आरक्षणांत पाहिजे व ओळखपत्रही पाहिजे. तें नांव घालण्यांत अर्धा तास गेला. वडील माणसांसाठीं खोली घेणारांनीं ही गोष्ट आधींच करून ठेवावी.

पांच रात्री वहिनी त्या खोलींत राहिल्या. खोलींतल्या किटलींत पाणी उकळून, पुण्याहून आलेल्या सूनबाईनें त्यांस घरच्या पिठाची पेज करून दिली. हॉटेलच्या भोजनगृहाची पायरी आम्हांपैकीं कोणीं चढली नाहीं. तिसऱ्या रात्रीं अडीचाच्या सुमारास रुग्णालयांतून फोन आला. दादांस शुद्ध आली होती व ते वहिनींचें नांव घेत होते. सात मिनिटांत त्या त्यांच्या खाटेपाशीं होत्या. अंधेरीहून निघालों असतों तर किती वेळ लागला असता, याचा हिशेब आम्हीं केला नाहीं. फळ्यावर सुटणारें तें गणित नव्हे.

मग त्रैराशिक व्यर्थ काय? मुळींच नाहीं. तें केलें होतें म्हणूनच आपण काय देत आहों व काय घेत आहों, हें त्या बांकावर स्पष्ट दिसत होतें. भाव काढल्याशिवाय खर्च करणें हा अविचार. पण भाव काढून झाल्यावर, ही रात्र कोणासाठीं घेत आहों, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संस्कृत नीतिकारांनीं धनाच्या तीन गति मानिल्या आहेत: दान, भोग व नाश. हॉटेलच्या गुणांसही या तिन्ही गति आहेत. मॅरियट व हिल्टन यांच्या योजनांतून ते धर्मादाय संस्थांस देतां येतात. स्वतः किंवा स्वकीयांसाठीं भोगतां येतात. आणि या दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं तर बासष्ट हजारांचें झालें तें होतें.

दादा आतां काठी घेऊन अंगणांत चार फेऱ्या मारतात. डॉक्टरांनीं प्रवासास अनुज्ञा दिली आहे. शिल्लक साठ हजारांपैकीं चौपन्न हजारांत येत्या कार्तिकांत काशीस तीन रात्रींची खोली पुतण्यानें घेतली. बरोबर जाणारांची दुसरी खोली रोखीनें. रोख दर आठ हजार, कर मिळून ९,४४०, आणि गुण रात्रीस अठरा हजार. भाव पडला बावन पैसे. "काका, फाल्गुनापर्यंत थांबलों तर कदाचित् सत्तर पैसे पडेल," असें तो बोलून गेला, आणि आपणच हंसला.

वहिनींनीं भावाची चौकशी केली नाहीं. त्यांनीं स्वयंपाकघरांतून एवढेंच विचारलें कीं, तेथें लिफ्ट आहे ना? आहे असें कळल्यावर त्यांनीं माळ्यावरची मोठी बॅग खालीं काढून उन्हांत ठेवावयास सांगितली.